बाहेर पाठवायचा नमुना

नलू,

तुझा तेरावा आम्ही शनिवारी केला. खरा शुक्रवारी येत होता, पण कामाच्या दिवशी सुट्टी कोणाला मिळणार? तुझ्या नवऱ्याने, विलासने, गुरुजींना फोन केला तर गुरुजी स्वतः एका फार्मसीत नोकरीला, त्यांनाही शनिवारच सोयीचा. तू असतीस तर यावर गाडीत आठवडाभर हसली असतीस. तुमच्या बेसमेंटमध्ये चादरी अंथरल्या होत्या, मराठी मंडळातली झाडून सगळी माणसं आली होती, आणि प्रत्येकाने तुझ्याबद्दल थोडं बोलायचं असं कोणीतरी ठरवलं. तुझ्या पुरणपोळ्या झाल्या, गणपतीत तू बसवलेली नाटकं झाली, तुझा नागपुरी फटकळपणा झाला, नव्याने आलेल्या मुलींना तू दिलेले कोट आणि स्वेटर झाले. तू नोकरी काय करत होतीस याबद्दल मात्र एकाने "त्या केमिकलमध्ये होत्या" एवढंच सांगितलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मला राग आला. उठून बोलावंसं वाटलं, पण जे बोलायचं होतं ते श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितेय, आणि तुलाच लिहितेय, कारण भांडण आपल्या दोघींचं आहे आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस.

भांडणं आपण गाडीतच केली. एडिसनहून कंपनीपर्यंतचा रस्ता, एक आठवडा तुझी गाडी, एक आठवडा माझी. तू चालवायला बसलीस की उजवी, हळू चालणाऱ्यांची लेन सोडायची नाहीस. मागचे हॉर्न मारायचे आणि तू म्हणायचीस, "जाऊन राहिले ना ते, जाऊ दे त्यांना." हे "जाऊन राहिले" ऐकलं की मी नाक मुरडते हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू ते मुद्दाम म्हणायचीस. चहात आलं घालावं की नाही, मुलींशी घरी इंग्रजी बोलावं की नाही, परत जायचं की नाही, रेगनला लोकांनी दुसऱ्यांदा का निवडून दिलं, कशावरही आपण भांडलो. तू कधी आवाज चढवला नाहीस. तुझं मत तू शांतपणे तेच तेच सांगत राहायचीस आणि माझा मात्र घसा बसायचा. कंपनीच्या फाटकाशी आलो की तू पर्समधून आरसा काढून टिकली सारखी करायचीस, म्हणजे वाद संपला असं समजायचं.

या कंपनीत मी आले तीही तुझ्यामुळे. रसायनशास्त्रातली एम.एस्सी. घेऊन मी घरी बसले होते. मुलाखतीला जावं तर अमेरिकन एक्सपिरियन्स नाही म्हणायचे, आणि तो कुठून आणायचा ते कोणी सांगत नव्हतं. तू तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्यापासून सुरुवात करून स्वतःच्या टेबलापर्यंत पोहोचली होतीस. तू मला फ्रँकपुढे, आपल्या साहेबापुढे, नेऊन उभं केलंस आणि म्हणालीस की हिला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं आणि हिला भांडता येतं, कागदपत्रांच्या कामाला अशीच बाई हवी. पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नाही, हे शिकवायला तू मला शनिवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन जायचीस. मी किंचाळायचे आणि तू शेजारी बसून संत्रं सोलायचीस. याबद्दल तुला कधी थँक यू म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती. आता म्हणते.

माझं काम रजिस्ट्रेशनचं आहे असं पुण्याला कळवलं तेव्हा माझ्या आत्याला वाटलं मी लग्नं नोंदवते. तुला हे इतकं आवडलं होतं की पुढे तूही मला विचारायचीस, आज कोणाचं लग्न लावलंस. खरं तर उपमा फारशी चुकीची नव्हती. युरोपच्या सामाईक बाजारातल्या देशांनी तेव्हा नवा कायदा आणला होता. त्यांच्याकडे आधीपासून विकले जाणारे जे रासायनिक पदार्थ होते त्यांची त्यांनी यादी करायला घेतली होती. यादीत बसला त्या पदार्थाला वाट मोकळी. नाही बसला तो नवा, आणि नव्याची सगळी ओळख आधी द्यायची, मगच विकायचा. तो काय आहे, किती शुद्ध आहे, त्यात आणखी काय काय शिल्लक असतं, पोटात गेला तर काय होतं, कातडीला लागला तर काय होतं, नदीत गेला तर माशांचं काय होतं. ही ओळख तिकडे बनवणाऱ्याने द्यायची, नाहीतर बाहेरून आणणाऱ्याने. आपण पडलो समुद्रापलीकडचे, त्यामुळे कागद हॉलंडमधला आपला आयातदार दाखल करणार आणि ते कागद तयार करणार मी.

तुला ही सगळी पीडा वाटायची. मला मात्र तो कायदा आवडला होता. भोपाळच्या बातम्या आपण दोघींनी तुमच्या घरी टीव्हीवर पाहिल्या त्यानंतर तर जास्तच. त्या दिवशी तू टीव्ही बंद केलास आणि ओट्याशी जाऊन उभी राहिलीस. मी म्हटलं, बघ, म्हणून लागतात कागद. तू म्हणालीस, कागदाने काय होतं, माणूस नीट लागतो. तोही वाद आपण संपवला नाही.

मग तो हार्डनर आला. रंगात मिसळला की रंग लवकर वाळून कडक होतो, असली वस्तू. बनवली आपल्या कंपनीने, पण तिची रीत तुझी होती. तू दोन हिवाळे त्याच्यामागे होतीस. युरोपच्या यादीत तो असणं शक्यच नव्हतं, जगातच नवा होता. चाचण्या करणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळेला नमुना पाठवायचा होता. तो तू पाठवलास, आणि हा नमुना आमच्या रोजच्या मालाचाच आहे अशा कागदावर सही केलीस. गिनीपिगच्या कातडीवर लावून पाहिलं, काही झालं नाही. मासे जगले. मी कागद जुळवले, हॉलंडला पाठवले, त्यांनी ते दाखल केले, आणि काही महिन्यांनी मंजुरी आली. त्या संध्याकाळी आपण ओक ट्री रोडवर नव्या उघडलेल्या दुकानातून जिलबी घेतली आणि घरी न्यायच्या आधी गाडीतच अर्धी संपवली. स्टिअरिंग कितीतरी दिवस चिकट होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी हॉलंडहून टेलेक्स आला. पाठवणारा हेंड्रिक, आयातदाराकडे माझ्यासारख्याच टेबलावर बसणारा माणूस. त्याने लिहिलं होतं की रंग मिसळणाऱ्या कारखान्यातल्या काही कामगारांचे हात लाल होऊन भयंकर खाज सुटते आहे आणि एका बाईच्या पापण्या सुजून तिला डोळे उघडता येत नाहीत. तुमच्या कागदांत कातडीला काही होत नाही असं म्हटलं आहे, तरी खुलासा करावा. मी लगेच उत्तराचा मसुदा केला. पहिलंच वाक्य होतं की आम्ही तपास करेपर्यंत वापर थांबवा. फ्रँकने ते अगदी सभ्यपणे खोडलं. वापर थांबवा म्हटलं की पुन्हा सुरू करा म्हणायची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते, असं त्याचं म्हणणं. हातमोजे घालावेत, एवढा सल्ला शिल्लक राहिला. त्याच्याशी मी भांडले आणि हरले.

संध्याकाळी गाडीत मी तुला हे तावातावाने सांगत होते. तू चालवत होतीस. मला वाटलं तू नेहमीसारखी म्हणशील, होऊन राहिलं ते होऊ दे. तू एका गॅस स्टेशनात गाडी वळवलीस, पेट्रोलच्या पंपाशी न जाता कडेला थांबवलीस आणि विचारलंस, "पापण्या म्हणालीस?"

मी हो म्हटलं.

"ते सँपल मी एकदा धुतलं होतं, मंगल."

धुतलं म्हणजे काय, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "अल्कोहोलमध्ये विरघळवून परत स्फटिक काढले. बाहेर जाणार होतं ना ते."

मुलाला शाळेत पाठवण्याआधी त्याचं तोंड धुवावं तितक्या सहज तू हे सांगितलंस. मला कळायला थोडा वेळ लागला. कारखान्यातून ड्रममध्ये भरून जो माल हॉलंडला जात होता त्यात कच्च्या मालाचा थोडा अंश शिल्लक राहायचा, प्रत्येक बॅचमध्ये थोडा. तो अंश तू नमुन्यातून काढून टाकला होतास. गिनीपिगच्या पाठीवर जे लावलं ते त्या कामगारांच्या हाताला कधी लागलंच नव्हतं. कागदांतली शुद्धता खरी होती, चाचण्या खऱ्या होत्या, तुझी सही खरी होती, आणि सगळे मिळून ज्या पदार्थाबद्दल बोलत होते तो त्या ड्रममध्ये नव्हता.

तुझ्यावर चिडायला मी तोंड उघडलं आणि मला चिडता येईना. मीही तेच केलं असतं. आपल्याकडे रसायनशास्त्र शिकलेल्या कोणीही केलं असतं. तुझे नागपूरचे सर प्रॅक्टिकलला आलेली पुडी उजेडात धरून बघायचे आणि जराशी कळकट दिसली की न बोलता परत करायचे, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस. आमच्याकडे पुण्यालाही वेगळं नव्हतं. निम्मा माल वाया गेला तरी चालेल, पण हातातून जाईल ते पांढरंशुभ्र असलं पाहिजे. आणि घरी तरी काय शिकलो आपण? फुटका लाडू घरात खायचा, अख्खा शेजारी द्यायचा. इथल्या एखाद्या केमिस्टने सरळ ड्रममध्ये डाव घालून बाटली भरली असती आणि जेवायला गेला असता. तुला ती बाटली तशी पाठवायची लाज वाटली. यात फसवणूक नव्हती, नलू. हे मी कुठेही, कोणापुढेही सांगेन.

पण त्यानंतर जे झालं त्यावर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

मी म्हटलं, उद्या सकाळी फोन कर, मी शेजारी बसते. तू म्हणालीस, हा सगळा अंदाज आहे. तो शिल्लक अंशच कातडीला त्रास देतो हे कशावरून? आधी तो वेगळा काढते, ओळखते, निरनिराळ्या बॅचेसमध्ये किती आहे ते मोजते, मग सांगते. आणि माझ्याकडून कबूल करून घेतलंस. "हे मी सांगीन. माझ्या हातचं आहे. तू नाही सांगायचं." मला वाटलं दोन-चार दिवसांची गोष्ट आहे. मी मान डोलावली.

दोन-चार दिवसांचे आठवडे झाले. पहिल्या बॅचचा आकडा आला, दुसरीचा त्याच्याशी जुळेना. तू यंत्राला दोष दिलास, मग अल्कोहोलला, मग स्वतःच्या हाताला, आणि सगळं पहिल्यापासून केलंस. मी रोज तेच म्हणत होते, की तिथे रोज सकाळी कोणीतरी येऊन ते ड्रम उघडतं आहे. तू म्हणायचीस, अर्धवट सांगितलं तर फ्रँक चार प्रश्न विचारून उडवून लावेल आणि मग कोणीच ऐकणार नाही. यात तुझं चुकत नव्हतं. फ्रँकने तेच केलं असतं. एकदा तू हेही म्हणालीस की या लॅबमध्ये आपल्याकडची बाई पहिल्यांदा आली ती मी, आणि माझ्या हातून असं झालं म्हटल्यावर पुढच्या मुलीला कोण घेईल? मग काही दिवस गाडीत तू नुसती भावगीतांची कॅसेट लावायचीस आणि ती संपली की उलटी करायचीस.

मला काय दिसत होतं ते तुला स्पष्ट सांगते, कारण तू समोर असताना ते नीट सांगता आलं नाही. कबुलीसुद्धा तुला स्वच्छ करूनच बाहेर पाठवायची होती. जराही शंका, जराही गाळ तिच्यात राहायला नको होता. ज्या सवयीने तो नमुना चुकला त्याच सवयीने तू चूक निस्तरायला बसली होतीस, आणि तुला ते दिसत नव्हतं. जगातली सगळ्यात सावध बाई तू. त्या सावधपणाची किंमत तिकडे कोणाच्या तरी हातांना पडत होती.

शेवटच्या शुक्रवारी माझी गाडी होती. तुमच्या दाराशी तुला सोडताना मी बोलले. म्हटलं, त्या लोकांच्या कातडीपेक्षा तुला तुझा आकडा प्यारा आहे. तू सीट बेल्ट सोडवत होतीस. थांबलीस, मग खाली उतरून दार हळूच लावलंस आणि खिडकीतून म्हणालीस, "सोमवारी बोलू."

रविवारी दुपारी तू तुझ्या ओट्याशी पडलीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टरांनी सांगितलं. विलासचा फोन आला तेव्हा मी कपड्यांना इस्त्री करत होते. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुझ्या हाताला अजून कणकेचा वास होता. मी ते वाक्य परत घ्यायचं की नाही हे मला आजही कळत नाही. ते खोटं नव्हतं. ते तुला सांगायचं शेवटचं वाक्य मात्र नक्कीच नव्हतं.

तेराव्याची माणसं गेल्यावर मी मागे थांबले, भांडी आवरायला. विलास चहा करत होता. त्याला मी सगळं सांगितलं, गॅस स्टेशनापासून. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो कपात साखर ढवळत राहिला, चमचा बराच वेळ वाजत होता. मग म्हणाला, "सांगायचं तर सांग, मंगल. पण तिचं नाव कशाला? गेली ना ती. सँपलमध्ये काही गडबड झाली म्हण. खोटं नाही ते." त्याचा आवाज फार दमलेला होता. आणि त्याचं म्हणणं मला पटतही होतं. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्यावर बोट दाखवणं सगळ्यात सोपं असतं. कंपनी तर आनंदाने दाखवेल, सगळं त्या इंडियन बाईनं केलं म्हणेल आणि मोकळी होईल.

तुझी रेवा ताटं पुसत होती. ती आता तुझ्याएवढी उंच दिसते. आपण मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते म्हणून आपण समजतो की तिला सगळं कळत नाही. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "मावशी, शी वॉज प्रॅक्टिसिंग." मग हळूहळू सांगितलं. आई गराजमध्ये गाडीत बसायची, काचा बंद करून. रेवाला वाटलं एकटीच रडतेय, म्हणून ती जवळ गेली, तर तू मोठ्याने बोलत होतीस. माय नेम इज नलिनी घाटे, आय प्रिपेअर्ड द सँपल. एवढंच म्हणायचीस, थांबायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून. "शी केप्ट स्टार्टिंग ओव्हर," रेवा म्हणाली. आणि मला विचारलं, "डिड शी एव्हर कॉल देम?"

मी म्हटलं, नाही, बाळा. तिने मान हलवली आणि पुढचं ताट घेतलं. विलास ओट्याकडे तोंड करून उभा होता.

सोमवारी मी आधी फ्रँककडे गेले. उभ्यानेच सांगितलं. तो वाईट माणूस नाही, त्याचा चेहरा उतरला, तुझी खुर्ची रिकामी होती तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग म्हणाला की वरच्यांना विचारावं लागेल, वकिलांना विचारावं लागेल, तोवर कोणी काही बोलू नये. मी म्हटलं, तुम्ही विचारा, मी तोवर फोन करते. यात माझी नोकरी जाऊ शकते हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्याने मला अडवलं नाही. त्याच्या केबिनचं दार तेवढं लावून घेतलं.

आपल्याकडे सकाळ म्हणजे त्यांच्याकडे दुपार. हेंड्रिक लगेच फोनवर आला. मी सांगितलं की चाचणीला गेलेला नमुना तुमच्या ड्रममधल्या मालापेक्षा जास्त शुद्ध केलेला होता. मालात एक अंश शिल्लक राहतो, तुमच्या लोकांना बहुधा त्याचाच त्रास होतो आहे. वापर आजच थांबवा, दाखल केलेली ओळख चुकीची आहे असं तुमच्या अधिकाऱ्यांना कळवा, चाचण्या पुन्हा कराव्या लागतील. तो लिहून घेत होता, मला कागदाचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, नमुना कोणी तयार केला? आमच्या प्रयोगशाळेने, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. विलासने जवळजवळ तेच सांगितलं होतं. पण गराजमधली तुझी गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या बंद काचांआड तू पुन्हा पुन्हा जे नाव घेत होतीस ते मी घेतलं. पूर्ण घेतलं, एकेक अक्षर सांगून त्याला लिहायला लावलं.

त्याने आभार मानले. म्हणाला, आमच्या डॉक्टरांना त्या उरलेल्या अंशाबद्दल नेमकं विचारायचं आहे, मिसेस घाटे यांच्याशी बोलता येईल का?

मी सांगितलं की ती वारली. या आधी विलासने सांगितलं होतं, गुरुजींनी सांगितलं होतं, कंपनीच्या नोटीस बोर्डवर लावलं होतं. मी कोणाला सांगायची ती पहिलीच वेळ, आणि तीही तुला कधी न भेटलेल्या माणसाला. तो सॉरी म्हणाला, नीट, मनापासून म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "डिड शी नो? अबाउट अवर पीपल?"

नाही म्हणता आलं असतं, नलू. कोणाला कधी कळलं नसतं. नाही म्हटलं असतं तर त्याच्या लेखी तू एक कष्टाळू, नेटकी केमिस्ट राहिली असतीस, हातून भलतंच झालं आणि बिचारीला कळायच्या आत ती गेली अशी. विलासला बरं वाटलं असतं. तुझ्यावर माया करणाऱ्या कोणीही नाहीच म्हटलं असतं.

मी हो म्हटलं. तिला माहीत होतं, तिला खात्री करून घ्यायची होती, आणि ती तुम्हाला स्वतः सांगणार होती, एवढं मी सांगितलं. तो म्हणाला, "आय सी." त्याच्या त्या दोन शब्दांत काय होतं ते मला अजून ठरवता येत नाही. पुढे तो ड्रमच्या नंबरांबद्दल बोलत राहिला आणि मी ते लिहून घेत राहिले.

फोन ठेवला आणि मी बोलायला लागले. मराठीत, मोठ्याने. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट बावरून बाहेर निघून गेली. मी म्हणत होते की तुम्हाला काय कळणार, तिने आयुष्यात कधी कळकट वस्तू दुसऱ्याच्या हातात दिली नाही. तिने अर्धवट बोलायला नको म्हणून दिवसरात्र रक्त आटवलं. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याने गॅस स्टेशनात गाडी थांबवलीच नसती. माझा घसा बसला. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडले, आणि तुझ्या बाजूने भांडले ती त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ऐकायला कोणी नव्हतं.